कानाचं मशीन आणायला गेलो, बीपी घेऊन आलो

आधी निकाल सांगतो. टिळक रोडवरच्या या श्रवण तपासणी केंद्राला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच, आणि कापताना मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घातलं की वाचणारा आधी 'याला किती सुटले असतील' याचा हिशोब करत बसतो. एस. पी. कॉलेजच्या आसपास, जुनी इमारत, पहिला मजला. एवढ्यावर पुणेकर शोधून काढतो.

मी छपाईवाला. शनिवार पेठेत प्रेस होता. आता मुलगा बघतो आणि त्याच्याकडे सगळं डिजिटल. माझ्या वेळी ट्रेडल, पुढे सिंगल कलर ऑफसेट, शेजारी कटिंग मशीन, आणि हे सगळं इतक्या छोट्या जागेत की दोघांना बोलायचं तर ओरडायचंच. गणपतीच्या आधी मंडळांचे अहवाल आणि पावतीपुस्तकं, लग्नसराईत पत्रिका. सीझनला मशीन रात्रीही थांबत नसे. कानात कापसाचा बोळा घालणाऱ्या माणसाची आमच्याकडे चेष्टा व्हायची. त्यामुळे कानाचं काय झालं असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्रास असा की आवाज येतो, शब्द येत नाहीत. मंडईत भाजीवाली 'साठ' म्हणते, मला 'आठ' ऐकू येतं आणि मी दहाची नोट पुढे करतो. ही स्वयंपाकघरातून 'अहो, ताक घेताय का' विचारते, माझ्यापर्यंत 'आक' पोचतं. स, श, फ, त, क ही मंडळी आधी रजा घेतात, कारण ती बारीक आणि उंच पट्टीतली. जाड्याभरड्या आवाजाचे पुरुष बराच काळ नीट ऐकू येतात. नातीचं बोलणं मात्र लवकर हातचं जातं. घरात यावर रोज एक वाद. शेवटी मुलगा म्हणाला, 'बाबा, एकतर मशीन घ्या, नाहीतर टीव्ही तुमच्या खोलीत घेऊन जा.'

इथे येण्याआधी एका दुकानात 'मोफत श्रवण चाचणी' करून पाहिली होती. तेही निनावी राहू दे. रस्त्याच्या कडेला काचेचं दुकान, बाहेरून पीएमपी आणि रिक्षा चाललेल्या, आणि त्या गोंगाटात एका मुलाने माझ्या कानावर हेडफोन चढवले. कानात डोकावून कुणी पाहिलं नाही. चहा यायच्या आत निकाल तयार: दोन्ही कान, प्रीमियम मॉडेल, रीचार्जेबल, सूट फक्त आज. धंदा मीही केलाय. सूट 'फक्त आज' असते तेव्हा ती उद्याही असते. उठून आलो.

आता मूळ विषय. या केंद्रात गेल्यावर आधी एक छापील फॉर्म हातात देतात, मराठीत. (छपाई बरी आहे, पण कागद इतका पातळ की बॉलपेन पलीकडे उमटतं.) त्यात नाव-पत्त्यानंतर लगेच विचारलंय: ऐकू कमी येणं हळूहळू आलं की एकदम? कामावर आवाज होता का? मधुमेह? सिगारेट? बीपी? कुठल्या गोळ्या चालू आहेत, अंगदुखीच्यासुद्धा लिहा. बीपीची चौकट मी रिकामी ठेवली, कारण मला ते आहे असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतो त्या गोळ्यांचं नाव लिहिलं.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मॅडम, तरुण आहेत. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे; ते बघून घ्या, कारण कानाला मशीन विकणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो. मॅडम बोलताना समोर बसतात, तोंडावर हात घेत नाहीत आणि मुख्य म्हणजे ओरडत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून बोलणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. ओरडल्याने 'स' परत येत नाही, नुसता 'आ' मोठा होतो.

कान साफ आहेत, पडदा ठीक आहे हे पाहून झालं आणि मला आवाजबंद खोलीत बसवलं. खोली म्हणजे भिंतीला छिद्रंछिद्रंवालं जाड अस्तर असलेला एक खोका. एक खुर्ची, एक दुहेरी काच, आणि थंडगार कोठाराला असतं तसलं वजनदार दार. दार लागलं की टिळक रोड संपला. हातात एक बटण. बारीक जरी 'टुँ' ऐकू आला तरी दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो आणि त्या शांततेत टुँच्या आधी मला दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं. धप, धप, धप. उजव्या कानात, आतून. आधी वाटलं मशीनमधूनच येतंय, म्हणून दोन-तीनदा बटणही दाबलं. मॅडमनी काचेपलीकडून हात केला, दार उघडलं आणि विचारलं, 'काका, मी आवाज सोडलाच नाहीये. काय ऐकू येतंय?'

सांगितल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, 'कानातला ठोका पडला की डोळे मिटा.' मी मिटत गेलो, त्या नाडी मोजत गेल्या. दोन्ही तंतोतंत बरोबर.

कानात शिट्टी वाजणं, गुंई होणं हे बऱ्याच म्हाताऱ्यांना असतं. पण नाडीच्या तालावर चालणारा आवाज निराळा. तो मुकाट सोडून द्यायचा नसतो. बीपी, रक्त कमी असणं, थायरॉइड, कानाजवळच्या रक्तवाहिनीतला काही प्रकार, अशी बरीच कारणं असू शकतात आणि ती कान-नाक-घसा डॉक्टरांनी बघायची असतात. हे मॅडमनीच सांगितलं, आणि आधी चाचणी पूर्ण करून मग बीपी घेऊ म्हणाल्या.

बीपी घेण्याची इथली पद्धत मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त आवडली. आजवर माझं बीपी जेव्हा कधी कुणी घेतलं असेल ते उभ्या-उभ्या, शर्टाच्या बाहीवर पट्टा गुंडाळून, आणि घेणारा माणूस तेवढ्यात मला मुलाचं कसं चाललंय विचारणार. इथे आधी चहा किती वाजता घेतला ते विचारलं. अर्ध्या तासाच्या आत असता तर थांबवलं असतं. लघवीला जाऊन या म्हणाल्या. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, बाही वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि पाच मिनिटं गप्प. समोर पाटीच आहे: 'मोजताना बोलू नये, विचारलं तरी.' त्या 'विचारलं तरी'ला मी मनातून दाद दिली. पहिला आकडा १७२/१००. मिनिटभर थांबून दुसरा, १६८/९८. मग दुसऱ्या हातावर. साधारण तेवढाच.

'हे निदान नाही,' मॅडम म्हणाल्या, 'फिजिशियन वेगवेगळ्या दिवशी मोजून ठरवतील. पण १४० आणि ९० च्या वर आहे, तेव्हा आज मशीन नाही. आधी ते, मग कानाचं.' छातीत दुखलं, एका बाजूला बधिर वाटलं, बोलताना जीभ अडखळली तर कुणाची वाट न बघता सरळ हॉस्पिटलला जा, हेही बजावलं.

पन्नास-साठ हजारांचं गिऱ्हाईक पायऱ्या चढून दारात आलंय आणि ही बाई त्याला आज माल नाही म्हणून परत पाठवतेय! धंद्याच्या हिशोबाने बघितलं तर येडपटपणा. मला मात्र तिथेच खात्री पटली.

कानाचा आणि बीपीचा संबंध काय, हे मी तेव्हाच विचारलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कानाच्या आत हाडात एक वेटोळी नळी आहे, कॉक्लिया. तिला रक्त नेणारी धमनी केसासारखी, मेंदूकडच्या धमनीतून फुटलेली, आणि तिला पर्यायी फाटा नाही. मला लगेच आमच्या पेठेतला बोळ दिसला, ज्याला एकच तोंड असतं: तिथे एक टेंपो अडकला की आतल्या घरांना गॅसचं सिलिंडरसुद्धा मिळत नाही. या नळीच्या भिंतीत केशवाहिन्यांची एक पट्टी आहे, ती आतल्या द्रवाला सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतभार देत राहते. त्या भारावर आवाज टिपणाऱ्या केसपेशी चालतात. प्रत्येक कानात या पेशी १५ हजारांच्या आसपास, आणि मेल्या की परत येत नाहीत. कोंबडीला परत येतात म्हणे, माणसाला नाही. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली जागा कमी होते. डोळ्याच्या पडद्यावर आणि किडनीत जे होतं, तेच इथे होत असणार असा तर्क आहे.

'तर्क' हा शब्द त्यांचाच, आणि तो त्यांनी वापरला म्हणून मला त्या आवडल्या. बीपी असलेल्यांमध्ये ऐकू कमी येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, असं पुष्कळ अभ्यासांत आढळलंय; काहींत फरक फारसा दिसला नाही. पण ज्याला बीपी आहे त्याचं वयही बहुधा झालेलं असतं, साखर असते, सिगारेट ओढून झालेली असते, आणि माझ्यासारख्याने आयुष्य मशीनशेजारी काढलेलं असतं. कुणी किती बिघडवलं हे वेगळं काढणं अवघड. शिवाय गोष्ट उलटीही फिरते: सततच्या मोठ्या आवाजात शरीर ताणाखाली राहतं, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे आवाज स्वतःच बीपी वाढवायला हातभार लावतो. माझ्या प्रेसने दोन्हीकडून वसुली केली असेल तर नवल नाही.

माझा आलेख त्यांनी समोर ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. जाड आवाजांच्या बाजूला २५-३० डेसिबल, म्हणजे अगदीच वाईट नाही. मग रेघ घसरत जाते आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाला, खड्डा: उजवा ६०, डावा ६५. पुढे ८००० ला जराशी वर येते. हा खड्डा आवाजाने खाल्लेल्या कानाची सही आहे. मी विचारलं, यात बीपीचं कुठे दिसतं? त्या म्हणाल्या, 'कुठेच नाही. आलेखावर बीपीची वेगळी खूण उमटत नाही.' ठणठणीत उत्तर.

गोळ्यांचंही बोलणं झालं. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन गटातल्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी चढवतात, बीपीच्या औषधाचा जोर कमी करतात, आणि कानात आवाज येणंही वाढवू शकतात. लघवीवाटे पाणी काढणारी फ्युरोसेमाइडसारखी औषधं कानाला त्रास देऊ शकतात, पण तो धोका मुख्यतः शिरेतून मोठे डोस देताना किंवा किडनी बिघडलेली असताना. हे ऐकून कुणी स्वतःची बीपीची गोळी परस्पर बंद करेल म्हणून त्यांनी लगेच पुढचं वाक्य टाकलं: 'बंद काहीही करायचं नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायची.' आमच्या सोसायटीत असे स्वयंघोषित डॉक्टर तीन मजल्यांवर आहेत, म्हणून हे वाक्य इथे मुद्दाम उतरवतोय.

फिजिशियनकडचा भाग लवकर आटोपतो. ईसीजी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, डोळ्याचा पडदा. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळ्या सुरू, गुडघ्याच्या गोळ्या बंद, त्याऐवजी व्यायाम. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. म्हणजे लोणचं, पापड आणि ताटातलं वरचं मीठ गेलं; हिने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. घरी मोजायचं मशीन आणलं, आकडे जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायला लागलो. कान-नाक-घसावाल्यांनी कानाजवळच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायला लावला, त्यात काही निघालं नाही.

काही आठवड्यांनी आकडा १३० च्या आसपास स्थिरावला आणि परत त्या खोक्यात जाऊन बसलो. धप-धप गेली होती. शांतता खरंच शांतता. आणि आलेख? होता तसाच. ४००० ला उजवा ६०, डावा ६५. बीपीची गोळी घेतल्याने ऐकू येणं परत येईल, अशी आशा मी धरली होती असं नाही, पण घरच्यांनी धरली होती. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की गेलेलं येत नाही, राहिलेलं सांभाळायचं. तुम्हाला कुणी 'बीपी कंट्रोल करा, कान खुलतील' म्हणत काही विकायला आलं, तर त्याला दार दाखवा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: सकाळी उठलात आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर 'सर्दी असेल' म्हणून आठवडा घालवू नका. त्यावर लवकर उपचार झाले तर ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता असते. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

मशीन मग घेतलं. दोन्ही कानांना, कानामागे बसणारं, बारीक तारेचं. दोन्ही मिळून ५८ हजार. आधी अनामत ठेवून घरी वापरायला दिलं, हे बरं. बसवताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतो ते मोजलं आणि त्याप्रमाणे जुळवलं. मी रीचार्जेबल घेतलं नाही. ३१२ नंबरचे सेल, तपकिरी चिकटपट्टीचे. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवेत ठेवून मग घालायचे, हे त्यांनी करून दाखवलं. पावसाळ्यासाठी आर्द्रता शोषणारी डबी दिली.

पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाडल्यासारखा आवाज. स्वतःच्या चपला एवढ्या वाजतात हे नवीनच कळलं. टिळक रोडवर उतरलो तेव्हा रिक्षावाल्याच्या हॉर्नने मशीन काढून खिशात टाकावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, आधी घरात, मग बागेत, मग रस्त्यावर. मेंदूला विसरलेले आवाज परत ओळखायला वेळ लागतो. आता मंडईत 'साठ' साठच ऐकू येतं, त्यामुळे भाजी महाग झाल्यासारखी वाटते.

गणपतीचं विचारलं. लक्ष्मी रस्त्यापासून आम्ही लांब नाही. सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी विसर्जनाला आवाज मोजतात ते आकडे दरवर्षी छापून येतात. निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हे वाचून हसावं की रडावं. मॅडमचं म्हणणं, मशीन बंद करून कानात ठेवणं म्हणजे संरक्षण नव्हे. काढून डबीत ठेवा आणि फोमचे प्लग नीट आतपर्यंत घाला.

आता कापलेला तारा. बहिऱ्यांच्या केंद्रात अपॉइंटमेंट फक्त फोनवर! मेसेज केला तर उत्तर येत नाही. लिफ्ट नाही आणि जिना अरुंद. वेटिंग रूममध्ये टीव्ही चालू, आवाजासकट, खाली अक्षरं नाहीत; तिथे बसलेल्यांपैकी तो कुणाला ऐकू येतो कोण जाणे. फॉर्म मराठीत, पण रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. आणि एक गंभीर गोष्ट: बीपीच्या मशीनला एकच मापाचा पट्टा आहे. माझ्या नंतरच्या गृहस्थांचा दंड चांगला जाड; त्यांना पट्टा घट्ट होत होता. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटा जास्त येतो. मॅडमनी तसं सांगून त्यांना बाहेर मोजायला पाठवलं, हे प्रामाणिकपणाचं झालं, पण मोठा पट्टा काही लाखाला मिळत नाही. मी तोंडावर सांगितलंय, बघू आणतात का.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि घरचे बीपीचे आकडे सोबत न्या. घरातलं कुणीतरी बरोबर असू द्या, अर्धं बोलणं त्यांच्यासाठीच असतं. गाडी रस्त्यावर लावायचा प्रयत्न करू नका. दुपारी बंद असतं हे पुण्यात सांगायला नको. मशीनची सफाई वर्षभर फुकट आहे. सकाळी अकराच्या आत गेलात तर बसायला लागत नाही.